बीपी मोजलं, गोळ्या दिल्या. मग निम्मे रुग्ण जातात कुठे?

*पक्षाघात आणि हृदयविकार गावपातळीवर रोखण्याचं काम कुठे जमतं आणि कुठे अडतं, याचं विश्लेषण*

'अंगावरून वारं गेलं', 'लकवा मारला', 'अर्धांग झाला'. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या भागांत पक्षाघाताला, म्हणजेच ब्रेन स्ट्रोकला, अशी वेगवेगळी नावं आहेत. नावं जुनी आहेत. पण हा आजार खेड्यात किती जणांचा जीव घेतो, हे मोजण्याचं काम फार उशिरा झालं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ दरम्यान झालेल्या मृत्यूंची नोंद ठेवली. बहुतेक मृत्यूंना डॉक्टरी दाखला नव्हता. त्यामुळे प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरच्यांना ठरावीक प्रश्न विचारून आधीची लक्षणं नोंदवली आणि त्यावरून मृत्यूचं कारण ठरवलं गेलं. गडचिरोली म्हटलं की मलेरिया, क्षयरोग, कुपोषण हेच डोळ्यांसमोर येतं. पण २०१५ मध्ये 'स्ट्रोक' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण पक्षाघात हे निघालं. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ मृत्यू पक्षाघाताने झाले होते. म्हणजे साधारण दर सात मृत्यूंमागे एक.

पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे, हा समज इथेच मोडीत निघतो. भातशेतीत राबणाऱ्या आणि जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या माणसांच्या जिल्ह्यातले हे आकडे आहेत.

## ८७ टक्के मृत्यू घरी, याचा अर्थ काय?

याच अभ्यासातला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त बोलका आहे. पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के लोकांचा मृत्यू घरी झाला. जवळपास निम्मे, म्हणजे ४६.३ टक्के, झटक्यानंतर महिन्याभरातच गेले. उरलेले महिनोन्‌महिने, काही वर्षं, घरात अंथरुणाला खिळून होते. त्यांना कूस बदलून देणं, भरवणं, पाठीला जखमा होऊ न देणं हे काम घरातलं कुणीतरी करत होतं, आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा सून किंवा बायको असते. पक्षाघाताच्या खर्चाचा हिशेब मांडताना हा भाग कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग मोठी रुग्णालयं वाढवली तर प्रश्न सुटेल का? काही प्रमाणात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. त्याआधी सीटी स्कॅन हवाच. कारण काही रुग्णांमध्ये रक्तवाहिनी बंद झालेली नसते, तर फुटलेली असते. अशा रुग्णाला तेच इंजेक्शन दिलं तर रक्तस्राव वाढून जीव जाऊ शकतो. नुसतं बघून हा फरक अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही.

आता भामरागडच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरून विचार करा. तिथून नागपूर तीनशे किलोमीटरहून जास्त. सकाळी उठल्यावर हात लुळा पडलेला दिसला, तर झटका रात्री नेमका कधी आला हेही सांगता येत नाही. साडेचार तासांचं गणित तिथे सुरू होण्याआधीच संपलेलं असतं.

हृदयविकाराच्या झटक्याचं यापेक्षा थोडं बरं आहे. तिथे सीटी स्कॅन लागत नाही. ईसीजी काढून तो दूरच्या तज्ज्ञाला पाठवता येतो आणि तज्ज्ञाने सांगितलं की इंजेक्शन जवळच्याच सरकारी केंद्रात देता येतं. गोव्यात २०१८ च्या अखेरीस सुरू झालेला 'स्टेमी' प्रकल्प याच तत्त्वावर चालतो. मध्यभागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेली तालुक्यांतली आरोग्य केंद्रं. महाराष्ट्रानेही नंतर असा प्रकल्प हाती घेतला. पण गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही तासांत जाता येतं, ही गोष्ट गडचिरोली किंवा नंदुरबारला लागू होत नाही. त्यामुळे अशा जिल्ह्यांत पक्षाघातावरचा खरा उपचार झटका येण्याच्या दहा वर्षं आधी करावा लागतो.

## दहा वर्षं आधी म्हणजे बीपीवर

पक्षाघाताची कारणं अनेक आहेत: तंबाखू, मधुमेह, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोके, दारू, लठ्ठपणा. पण जगातल्या ३२ देशांत झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासात उच्च रक्तदाब हे सगळ्यांत मोठं कारण ठरलं. विदर्भातलं खेडं असो की मुंबईतली चाळ, हा क्रम फारसा बदलत नाही.

यातली जमेची बाजू अशी की बीपी मोजायला स्वस्त, उतरवायला स्वस्त आणि उतरवल्याचा फायदा भरपूर. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये १२३ चाचण्यांमधल्या सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. वरचं बीपी १० अंकांनी उतरवलं तर पक्षाघाताचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदयधमनीच्या विकारांचं सुमारे १७ टक्क्यांनी कमी होतं, असं त्यात दिसलं. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन या गोळ्या जुन्या आहेत. त्यांच्यावर कुणाची मक्तेदारी उरलेली नाही आणि सरकारी केंद्रात त्या मोफत मिळतात.

एवढं सोपं असेल तर अडतं कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या भारत कार्यालयाने मांडलेल्या चित्रानुसार देशातल्या चार प्रौढांमागे किमान एकाला उच्च रक्तदाब आहे, पण त्यातल्या जेमतेम १२ टक्के लोकांचा तो नियंत्रणात आहे. आयसीएमआरच्या 'इंडियाब' या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के आढळलं. पाहणीची पद्धत आणि वयोगट बदलला की प्रमाण वर-खाली होतं, म्हणून या दोन आकड्यांची थेट तुलना करू नये. पण कुठलाही आकडा धरला, तरी गावच्या चावडीवर बसलेल्या आठ-दहा जणांत दोन-तीन जणांचं बीपी वाढलेलं असणार आणि त्यातल्या बहुतेकांना ते माहीतही नसणार.

बीपी दुखत नाही, ही यातली मूळ अडचण. 'डोकं जड झालं की बीपी वाढतं' हा समज इतका घट्ट आहे की डोकं जड नसलं म्हणजे बीपी ठीक, असं लोक गृहीत धरतात. गोळ्या घेऊन आकडा १३०/८० वर आला की 'बरं झालं' म्हणून गोळ्या थांबवल्या जातात. तो आकडा गोळ्यांमुळेच आलेला असतो, हे सांगायला दवाखान्यातल्या गर्दीत वेळ नसतो.

## २०१७ पासून वेगळं काय झालं?

नोव्हेंबर २०१७ मध्ये 'इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह' हा उपक्रम सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यात एकत्र आले. पहिल्या टप्प्यात पाच राज्यं होती: पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र. आपल्याकडून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा या जिल्ह्यांची निवड झाली.

यात नवं औषध नव्हतं, नवं यंत्रही नव्हतं. बदल होता तो कामाच्या पद्धतीत. पूर्वी एका डॉक्टरची एक गोळी, तर दुसऱ्याची दुसरी. त्यामुळे भांडारात दहा प्रकारच्या गोळ्या थोड्या थोड्या असायच्या आणि हवी ती नेमकी संपलेली असायची. आता राज्याने एकच क्रम ठरवून दिला: आधी ही गोळी, महिन्याने बीपी उतरलं नाही तर ही वाढवा, तरीही नाही उतरलं तर ही तिसरी. गोळ्यांचे प्रकार कमी झाल्याने किती मागवायच्या याचा अंदाज बांधता येऊ लागला. मोजमापासाठी चांगली डिजिटल यंत्रं आली. रुग्णाच्या हातात बीपीचं कार्ड आलं. महाराष्ट्रासह काही राज्यांत परिचारिका 'सिंपल' नावाच्या मोबाइल अॅपवर नोंद करू लागल्या, त्यामुळे या महिन्यात कोण आलं नाही याची यादी एका क्लिकवर निघू लागली. आणि पाठपुरावा डॉक्टरवर न सोडता परिचारिका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशा यांच्यात वाटला गेला.

कागदावर हे सगळं इतकं साधं दिसतं की यात नवल ते काय, असं वाटेल. पण २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी प्राथमिक आरोग्य सेवेतल्या कामासाठी या उपक्रमाला पुरस्कार दिला, तो या साधेपणासाठीच.

## निम्मे परतलेच नाहीत

उपक्रमाचं खरं मोल मात्र पुरस्कारात नाही, तर त्यातून पुढे आलेल्या एका अडचणीच्या आकड्यात आहे.

पंजाब, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्रातल्या २४ निवडक दवाखान्यांमध्ये जानेवारी २०१८ ते जून २०१९ या काळात २१,८९५ रुग्णांची नोंदणी झाली. त्यातले जुलै ते सप्टेंबर २०१९ या तिमाहीत तपासणीला कितीजण आले, हे संशोधकांनी पाहिलं. ११,२७४ जण आले. म्हणजे ५१.५ टक्के. आलेल्यांचं चित्र उत्तम होतं. नोंदणीच्या वेळी २६.३ टक्के लोकांचं बीपी नियंत्रणात होतं, ते पुढच्या तपासणीत ५९.८ टक्क्यांवर गेलं.

पण हाच हिशेब नोंदणी झालेल्या सगळ्यांवर मांडून बघितला तर? ११,२७४ चे ५९.८ टक्के म्हणजे सुमारे ६,७४० जण. २१,८९५ च्या तुलनेत हे जेमतेम ३१ टक्के होतात. दहातले सहा की दहातले तीन, हे आपण भागाकार कशाने करतो यावर ठरतं. न आलेल्यांपैकी काहीजण खासगी डॉक्टरकडे गेले असतील, काहींनी गाव सोडलं असेल, सगळ्यांनीच गोळ्या बंद केल्या असतील असं नाही. पण आलेल्यांना गोळ्या लागू पडतात हे दिसलं असताना, प्रश्न औषधाचा नसून परत येण्याचा आहे, एवढं नक्की.

त्याच अभ्यासातली आणखी एक बाब. नियंत्रणातली सुधारणा प्राथमिक केंद्रांत ४८.१ टक्के बिंदूंची होती, तर त्यावरच्या स्तरातल्या रुग्णालयांत २२.९. मोठ्या रुग्णालयात डॉक्टर जास्त, तपासण्या जास्त, तरी वाढ निम्म्याहून कमी. गुंतागुंतीचे रुग्ण तिथे जास्त जातात हे एक कारण असू शकतं. पण सरळ कारणही नाकारता येत नाही: जवळचं केंद्र जवळ असतं.

'मोफत' गोळीची किंमत काय असते, हे एकदा मोजून बघायला हवं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर ३१२ रुपये ठरला होता. गोळ्या ३० दिवसांच्या मिळतात. तालुक्याला जायचं, केस पेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं, पुन्हा औषधाच्या खिडकीवर रांग, म्हणजे दिवस गेला. महिन्याला एक खाडा धरला तर वर्षाला १२ खाडे, ३,७४४ रुपये. वर एसटीचं भाडं वेगळं. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, हे चांगलंच. पण मजुराचा खर्च केस पेपरच्या शुल्कात कधीच नव्हता.

त्यात केंद्रात गोळ्या कमी असल्या की ३० ऐवजी १० दिवसांच्या दिल्या जातात. म्हणजे तीनदा खेप. दुसऱ्या खेपेला 'उद्या या' ऐकल्यावर तिसरी खेप कोण करेल? औषध खरेदी सुधारण्यासाठी राज्याने २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र प्राधिकरण नेमलं. त्याचं काम कसं चाललंय याची कसोटी मंत्रालयातल्या निविदांवर नाही, तर उपकेंद्राच्या कपाटात अॅम्लोडिपिन किती दिवसांची शिल्लक आहे यावर लागते.

आणि ऊसतोड कामगारांचं काय? बीड, नगर, जालन्याकडची कुटुंबं दिवाळीच्या आसपास निघतात आणि गाळप संपेपर्यंत पाच-सहा महिने साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात किंवा सीमेपलीकडे बेळगावात असतात. बीपीचं कार्ड गावच्या केंद्राचं. फडावरच्या खोपीत राहणारी, पहाटे कोयता घेऊन निघणारी बाई संध्याकाळी कुठल्या केंद्रात जाणार? साताऱ्यातल्या ज्या जिल्हा यंत्रणेने पहिल्या टप्प्यात हा उपक्रम राबवला, तिच्याच हद्दीत दर हंगामात असे हजारो 'बाहेरचे' लोक असतात. निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर देणं हा साधा उपाय आहे. कोविडच्या टाळेबंदीत उपक्रमातल्या राज्यांनी गोळ्या घरपोच आणि उपकेंद्रापर्यंत पोहोचवून दाखवल्या होत्या. मग एरवी नियम आडवा का यावा?

शहरात अडथळा अंतराचा नाही, वेळेचा आहे. मुंबई महापालिकेच्या २०२१ च्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. सकाळी सातची लोकल पकडणारा माणूस दुपारी संपणाऱ्या ओपीडीला कधीच जाऊ शकत नाही. रात्री दहापर्यंत उघडे राहणारे 'आपला दवाखाना' या बाबतीत योग्य दिशेने आहेत. तिथे नेहमीच्या बीपीच्या गोळ्या सलग मिळत राहतात का, हे त्यापुढचं.

## आशाच्या वहीत काय आहे आणि काय नाही

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची प्राथमिक माहिती आशा एका अर्जात भरते: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर-हृदयविकार आहे का. प्रत्येक उत्तराला गुण. चारच्या वर गुण गेले की त्या व्यक्तीला आधी तपासणीला पाठवायचं. कल्पना चांगली आहे. पण घरी भेटतात त्या बायका आणि म्हातारी माणसं. कामावर गेलेला चाळिशीतला पुरुष ना आशाला भेटतो, ना उपकेंद्राला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत उच्च रक्तदाबाचं प्रमाण स्त्रियांत २१ टक्के आणि पुरुषांत २४ टक्के होतं. म्हणजे जे जास्त आहेत, तेच यादीतून जास्त निसटतात. त्यांना गाठायचं तर शिबिर शाळेत भरवून उपयोग नाही. आठवडी बाजार, दूध संकलन केंद्र, साखर कारखान्याचं फाटक, रिक्षा स्टँड अशा जागी जावं लागेल.

उलट, बायकांच्या बाबतीत हाताशी असलेली एक माहिती वाया जाते. गरोदरपणात ज्यांचं बीपी वाढलं होतं, त्यांना पुढच्या आयुष्यात उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अशा बाईचं नाव आशा आणि परिचारिकेच्या वहीत आधीपासून असतं. बाळंतपण झालं, बाळाचं लसीकरण सुरू झालं की वहीतलं ते पान मागे पडतं. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याच बाईसाठी नवा अर्ज कोरा सुरू होतो.

आणि हे सगळं करणारी आशा स्वतः कामावर आधारित मोबदल्यावर जगते. २०२३ आणि २०२४ मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केले. बीपीच्या रुग्णाकडे महिन्यामागून महिने जात राहणं हे काम कधीच 'पूर्ण' होत नाही, आणि पूर्ण होणाऱ्या कामालाच पैसे देणाऱ्या पद्धतीत ते बसत नाही.

मोजण्याची पद्धतही इथेच बघायला हवी. रुग्ण पाच मिनिटं पाठ टेकून बसलेला हवा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पट्टा दंडाच्या मापाचा. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको. विदर्भात ही शेवटची अट पाळणं म्हणजे तोंडातला खर्रा थुंकायला लावून अर्धा तास थांबवणं. शिबिरात दोनशे जणांची रांग असताना हे होत नाही, आणि चुकीच्या आकड्यावर कुणाला उगाच गोळी सुरू होते, तर कुणाची राहून जाते.

## मीठ आणि खर्रा

औषध ही एक बाजू. दुसरी बाजू ताटातली आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तोही दिवसभराच्या सगळ्या पदार्थांत मिळून. लोणचं, पापड, ठेचा, खारवलेली सुकी मासळी, फरसाण, बेकरीची खारी आणि वरून पानाच्या कडेला वाढलेलं मीठ यांची बेरीज केली तर ही मर्यादा दुपारच्या जेवणातच ओलांडली जाते. 'मीठ कमी खा' हा सल्ला सगळे डॉक्टर देतात आणि जवळपास कुणी पाळत नाही, कारण भाजी सगळ्यांची एकाच कढईत होते. एकट्या आजोबांसाठी अळणी भाजी वेगळी कोण करणार?

चीनमधल्या ६०० गावांत झालेल्या एका मोठ्या चाचणीने इथे वेगळी वाट दाखवली. सुमारे २१ हजार लोक, सगळे आधी पक्षाघात झालेले किंवा बीपी असलेले वयस्कर. निम्म्या गावांत नेहमीचं मीठ, निम्म्या गावांत असं मीठ ज्यात ७५ टक्के सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. चव जवळपास तीच. २०२१ मध्ये निकाल आला: बदललेलं मीठ खाणाऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कमी सोडियमच्या मिठाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्याकडे बहुतांश मीठ घरच्या स्वयंपाकातच पडतं, त्यामुळे हा उपाय पाकीटबंद अन्नावर जगणाऱ्या देशांपेक्षा इथे जास्त चालण्यासारखा आहे. अडचणी दोन. असं मीठ महाग आहे. आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा शरीरात पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. बीपीवरची टेल्मिसार्टनही त्याच गोळ्यांपैकी एक, त्यामुळे ते डॉक्टरला विचारूनच घ्यावं लागतं. रेशनवर सरसकट वाटायची ही गोष्ट नाही, पण प्रयोग करून बघण्यासारखी नक्कीच आहे.

तंबाखूचं चित्र महाराष्ट्रात जरा वेगळं आहे. दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरतात असं दिसलं. पण धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के, तर चघळणारे-मशेरी लावणारे २४.४ टक्के. 'मी कुठे सिगारेट ओढतो?' हे उत्तर म्हणूनच इतकं ऐकू येतं. चघळलेल्या तंबाखूचा संबंध लोक तोंडाच्या कर्करोगाशी जोडतात, हृदयाशी नाही. प्रत्यक्षात निकोटीन रक्तात गेलं की ठोके आणि बीपी वाढतं, मग ते धुरातून गेलेलं असो की गालातून. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर घोटून मिळणारा खर्रा त्या बंदीच्या आधीही होता आणि नंतरही आहे. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' अभियानात गावच्या ग्रामसभा स्वतः ठराव करून दारू आणि खर्राविक्री बंद करण्याचा प्रयत्न करतात. बीपीच्या कार्यक्रमाशी याचा सरकारी कागदावर फारसा संबंध नाही. शरीरात मात्र थेट आहे.

## मग आकडा कोणता विचारायचा?

१७ मे २०२३ रोजी केंद्र सरकारने २०२५ अखेरपर्यंत बीपी किंवा मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना उपचाराखाली आणण्याचं उद्दिष्ट जाहीर केलं. मार्च २०२५ च्या सुरुवातीला दिलेल्या माहितीनुसार बीपीचे ४ कोटी २० लाख आणि मधुमेहाचे २ कोटी ५२ लाख रुग्ण उपचाराखाली आले होते, म्हणजे जवळपास ९० टक्के उद्दिष्ट गाठलं गेलं होतं. प्रमाण मोठं आहे, कामही मोठं आहे. पण 'उपचाराखाली' आणि 'नियंत्रणात' हे दोन वेगळे शब्द आहेत. चोवीस दवाखान्यांच्या त्या अभ्यासातले २१,८९५ जणही एके काळी उपचाराखाली आलेले होतेच.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याच्या आढावा बैठकीत 'किती तपासले' हा प्रश्न हमखास विचारला जातो, कारण तो आकडा दर महिन्याला वाढतच जातो. 'गेल्या तीन महिन्यांत कितीजण आले नाहीत आणि त्यातल्या कितींच्या घरी कुणी गेलं' हा आकडा कधी वाढतो, कधी घसरतो, आणि घसरला की उत्तर द्यावं लागतं. ही माहिती उपकेंद्राच्या नोंदींत असते. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला, सरपंचाला, ग्रामसभेला ती नावं जाहीर न करता, नुसती संख्या म्हणून मागता येते. पाणीपट्टी किती थकली हे ग्रामसभेत दरवर्षी वाचलं जातं. बीपीच्या किती रुग्णांची गोळी थकली, हे अजून कुठल्या गावात वाचलं जात असेल तर ते अपवाद म्हणूनच.